रिव्हॉल्व्हर अडलं तर संशय आधी कुणावर घ्यायचा?

नवं रिव्हॉल्व्हर घेतलेल्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगतं, "याला काही होत नाही. चाप ओढा, बार उडणारच." बरंचसं खरं आहे ते. यात मॅगझिन नाही, मागेपुढे धावणारी स्लाइड नाही. एक काडतूस फुसकं निघालं तरी पुढच्या वेळी चाप ओढला की दुसरं काडतूस समोर येतं. पण या भरवशामुळेच, ज्या दिवशी रिव्हॉल्व्हर अडतं त्या दिवशी नवखा माणूस गांगरतो आणि दोनपैकी एक चूक करतो. एक तर जोर लावतो, नाहीतर घरी येऊन फ्रेमच्या बाजूचं झाकण उघडून बसतो.

नेमबाजीच्या रेंजवर नवख्यांच्या शेजारी उभं राहून मी अडलेली रिव्हॉल्व्हरं पुष्कळ पाहिली. त्यातली बहुतेक तुटलेली नव्हतीच. म्हणून माझा संशयाचा क्रम ठरलेला आहे: आधी काडतूस, मग मळ, मग एखादा सैल स्क्रू, आणि हे तिन्ही निर्दोष सुटले तरच आतला एखादा भाग. पहिली तीन कामं तुम्हाला स्वतः करता येतात. चौथं बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं.

बार उडाला नाही, तर पहिली ३० सेकंदं

चाप ओढला, घोडा टक् करून पडला, पण बार नाही. अशा वेळी बोट आपोआप पुन्हा चाप ओढायला जातं. ते थांबवायला शिका, बाकी सगळं नंतर. कधीकधी काडतुसाच्या बुडातली, मार बसताच पेटणारी टोपी पेटते पण दारू रेंगाळते आणि क्षणभरानं बार उडतो. एरवी त्या काडतुसासमोर नळी असते, म्हणून उशिरा उडालं तरी गोळी पुढेच जाते. तुम्ही पुन्हा चाप ओढलात तर मात्र सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा गोल भाग, फिरतो आणि ते रेंगाळलेलं काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं. तिथे ते उडालं, तर गोळीला जायला वाट नसते. म्हणून तोंड लक्ष्याच्या दिशेनं तसंच धरून ठेवा, बोट चापावरून काढा आणि ३० सेकंद मोजा. मग सिलिंडर उघडून ते काडतूस बाहेर काढा.

याहून धोक्याचा प्रकार म्हणजे आवाज झाला, पण मेलेला. धडाम् ऐवजी 'फट्', आणि हाताला धक्का जवळपास नाहीच. याचा अर्थ बहुधा काडतुसात दारू फार कमी होती किंवा नव्हतीच, आणि टोपीच्या जोरावर गोळी नळीत जेमतेम शिरून तिथेच अडकली. पुढचा बार तिच्या मागून उडाला तर नळी फुगते किंवा फुटते. अशा वेळी थांबा. सिलिंडर उघडत असेल तर सगळी काडतुसं काढा आणि नळीच्या मागच्या टोकाकडून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर त्या दिवशीची नेमबाजी संपली. सिलिंडर उघडतच नसेल तर गोळी अर्धी सिलिंडरमध्ये, अर्धी नळीत अशी अडकलेली असू शकते. मग तोंड लक्ष्याकडेच ठेवून रेंज अधिकाऱ्याला बोलवा. अडकलेली गोळी लोखंडी सळईनं ठोकून काढणारे मी पाहिले आहेत आणि त्यांच्या नळ्यांच्या आतले ओरखडेही पाहिले आहेत. ते काम कारागिराकडेच द्या.

रेंजवर बार उडवून बघायच्या गोष्टी सोडल्या, तर इथून पुढची प्रत्येक तपासणी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर करायची. सिलिंडर उघडा, काडतुसं बसायची घरं मोजा, पाच असोत, सहा असोत वा सात, प्रत्येकात बोट घालून बघा. काडतुसांची पेटी दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी तपासलं होतं म्हणून पुन्हा तपासायचा कंटाळा करू नका.

न उडालेल्या काडतुसाची टोपी वाचायला शिका

फुसकं काडतूस लगेच टाकून देऊ नका. त्याच्या बुडाच्या टोपीवर फायरिंग पिनची, म्हणजे टोपीवर आपटणाऱ्या टोकाची, खूण असते, आणि ती खूण अर्धं निदान सांगते.

खूण मधोमध आणि बाकीच्या उडालेल्या पुंगळ्यांइतकीच खोल असेल, तर रिव्हॉल्व्हरनं त्याचं काम चोख केलं आहे. दोष काडतुसाचा. दुसऱ्या पेटीतली काडतुसं लावून बघा.

खूण मधोमध आहे पण उथळ, तर घोड्याचा मार कमी पडतोय. हे एकदा डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे सरळ चाप ओढून, आणि एकदा सिंगल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे घोडा अंगठ्यानं मागे चढवून, करून बघा. डबल अ‍ॅक्शनमध्ये घोडा थोडा कमी मागे जाऊन सुटतो, त्यामुळे मार किंचित हलका असतो. सिंगलमध्ये सगळी काडतुसं उडतात आणि डबलमध्ये मधूनमधून एखादं राहतं, असं असेल तर मुख्य स्प्रिंगकडे बघायचं. स्मिथ अँड वेसनच्या चपट्या पट्टीची स्प्रिंग असलेल्या रिव्हॉल्व्हरांत मुठीच्या चौकटीत पुढच्या बाजूला, खालच्या अंगाला एक छोटा स्क्रू असतो. तो स्प्रिंगला ताण देतो. हा स्क्रू पूर्ण कसलेलाच हवा. तो आपोआप सैल होतो, आणि पुष्कळदा आधीच्या मालकानं चाप हलका व्हावा म्हणून मुद्दाम सैल केलेला असतो. वापरलेलं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि ते मधूनच दगा देत असेल, तर मी सगळ्यात आधी मुठीच्या फळ्या काढून हाच स्क्रू बघतो. गुंडाळी स्प्रिंगच्या रिव्हॉल्व्हरांत हा स्क्रू नसतो. तिथे स्प्रिंग दमली असेल किंवा कुणी हलकी बसवली असेल, तर मूळ ताकदीची बसवून घ्यावी.

काडतूस पहिल्यांदा उडालं नाही, पण तेच पुन्हा लावल्यावर उडालं, तर दोन शक्यता असतात. एक तर वर सांगितलेला हलका मार. दुसरी म्हणजे टोपी तिच्या खाचेत पूर्ण बसलेली नव्हती. पहिला मार तिला आत ढकलण्यात खर्ची पडला, दुसऱ्यानं ती पेटली. घरी भरलेल्या काडतुसांत हे हमखास दिसतं. सपाट काचेवर काडतूस बुडावर उभं करा. डगमगलं तर टोपी वर आलेली आहे, ते वापरू नका.

खूण मधोमध नसून एका कडेला सरकलेली असेल, तर घर आणि नळी एका रेषेत येत नसावीत. त्याबद्दल पुढे.

आणि खूणच नसेल? मग फायरिंग पिन तुटली असेल, किंवा घोडा आणि पिन यांच्यामध्ये येणारी ट्रान्सफर बार मोडली असेल. ज्या रिव्हॉल्व्हरांत ही पट्टी असते, त्यांत चाप पूर्ण ओढलेला असतानाच ती वर येते आणि घोड्याचा मार पिनपर्यंत पोचवते. ती नसली तर घोडा पडतो आणि काहीच होत नाही. हे थेट कारागिराकडे.

आणखी एक सवय लावून घ्या. सिलिंडरच्या बाहेरून प्रत्येक घराला मार्करनं आकडा द्या आणि कुठल्या घरातलं काडतूस फुसकं निघालं ते लिहून ठेवा. दगा नेहमी ३ नंबरच्या घरात होत असेल तर दोष सिलिंडरमध्ये आहे. कुठेही होत असेल तर काडतूस, मळ किंवा स्प्रिंग. इतक्या साध्या नोंदीनं तासभराची शोधाशोध वाचते.

सिलिंडर उघडतच नाही

माझ्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरनं मला पहिल्यांदा इथेच अडवलं. त्या दिवशी चाप हळूहळू जड होत चालला होता. मी समजलो, बोट दमलं. सहावा बार उडाला, सिलिंडर उघडायचा खटका ढकलला आणि सिलिंडर हलेना. मी तळहातानं जोर लावला, जे मी कधीच करायला नको होतं. शेजारच्या एका जुन्या नेमबाजानं माझा हात धरला आणि नळीखालच्या दांड्याकडे बोट दाखवलं.

पुंगळ्या ढकलून काढणारा तो दांडा, इजेक्टर रॉड, आट्यांनी बसवलेला असतो. बार उडताना बसणाऱ्या धक्क्यांनी तो थोडा थोडा सुटत जातो. सुटला की लांब होतो आणि पुढच्या खुंटीत रुतून बसतो. आधी चाप जड लागतो, मग सिलिंडर उघडतच नाही. सगळे बार उडून गेलेत याची मोजून खात्री असेल, तर खटका दाबून धरायचा आणि दांड्याचं टोक बोटांनी कसण्याच्या दिशेनं हळूहळू फिरवत राहायचं. बहुतेक वेळा तो पुन्हा आत जातो आणि सिलिंडर सुटतो. आत एक जरी जिवंत काडतूस असेल तर हा उद्योग करू नका, जाणत्याला बोलवा.

कसण्याची दिशा कुठली, इथे लोक फसतात. स्मिथ अँड वेसननं १९६० च्या सुमारास या दांड्याचे आटे बदलून डावे केले, तो आपोआप सुटू नये म्हणून. त्यामुळे जुन्या रिव्हॉल्व्हरचे आटे उजवे आणि नंतरच्यांचे डावे. आपल्या मॉडेलची पुस्तिका बघूनच हात घाला. सिलिंडर उघडल्यावर दांडा नीट कसायचा असेल, तर आधी घरांत रिकाम्या पुंगळ्या किंवा डमी काडतुसं भरा. तसं न करता पिळलात तर सगळा ताण मागच्या चांदणीसारख्या चकतीवर, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर स्टारवर येतो आणि तो पिळवटतो. त्या दिवसापासून मी रेंजवर निघण्यापूर्वी दांडा बोटांनी कसून बघतो. पाच सेकंदांचं काम आहे.

सिलिंडर न उघडण्याची दुसरी कारणं काडतुसाची असतात. हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जोरदार काडतुसं वापरली, तर प्रत्येक धक्क्यासरशी न उडालेल्या काडतुसांतली गोळी पुंगळीतून थोडी थोडी पुढे सरकते. शेवटी तिचं नाक सिलिंडरच्या पुढच्या तोंडाबाहेर येतं आणि नळीच्या मागच्या टोकाला अडतं. वर आलेली टोपी हाच प्रकार मागच्या बाजूनं करते, फ्रेमला घासून. दोन्हीत आत जिवंत काडतूस आहे हे विसरू नका. ठोकाठोक नाही, पक्कड नाही.

सिलिंडर जड फिरतो, चाप मध्येच अडतो

इथे दहापैकी बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणजे स्टारखाली अडकलेले न जळलेल्या दारूचे दोन-चार कण. इतके बारीक कण एवढं वजनदार यंत्र अडवतात, यावर नवख्यांचा विश्वास बसत नाही. पण सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट साधारण ०.१० ते ०.२० मिमी असते, आणि मागच्या बाजूलाही फारशी मोकळी जागा नसते. स्टार केसभर जरी वर उचलला गेला, तरी काडतुसांची बुडं फ्रेमला घासतात.

दांडा दाबून स्टार वर करा. त्याची खालची बाजू आणि त्याची बैठक जुन्या टूथब्रशनं कोरडी घासा. तिथे तेल सोडू नका, तेलाला दारूचे कण चिकटतात. मुळात ते तिथे जाऊच नयेत यासाठी पुंगळ्या काढताना नळीचं तोंड आभाळाकडे धरा आणि दांडा एकाच ठोस फटक्यात दाबा. पुंगळ्याही पडतात आणि कणही त्यांच्याबरोबर जमिनीवर जातात. तोंड खाली करून काढलंत तर तेच कण स्टारच्या बैठकीत जाऊन बसतात.

स्टार स्वच्छ असूनही जडपणा गेला नाही, तर सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर आणि नळीच्या मागच्या टोकावर बसलेली काजळी आणि शिसं बघा. पितळी ब्रश आणि सॉल्व्हेंटनं काढा. खिडक्या उघड्या ठेवा, काम झाल्यावर हात साबणानं धुवा, कारण त्या काजळीत शिसं असतं. सिलिंडरच्या तोंडावरचे काळे वलय पूर्ण पांढरं व्हावं म्हणून पॉलिशनं घासत बसू नका. ते डाग निरुपद्रवी आहेत आणि पॉलिशनं मात्र धातू झिजतो, फट वाढते.

जडपणा ठरावीक घरापाशीच येत असेल तर सिलिंडर उघडून फिरवा आणि दांड्याच्या टोकावर नजर ठेवा. टोक एका जागी स्थिर न फिरता डुलत असेल तर दांडा वाकला आहे. हे बहुतेक वेळा सिलिंडर मनगटाच्या झटक्यानं बंद करण्याच्या सवयीमुळे होतं. पडद्यावर ते छान दिसतं. प्रत्यक्षात त्या झटक्यानं सिलिंडर ज्या बाहीवर झुलतो ती बाही, म्हणजे क्रेन, वाकते आणि मग घरं नळीच्या रेषेत येत नाहीत. सिलिंडर नेहमी दुसऱ्या हाताच्या बोटांनी आत लोटायचा.

पुंगळ्या निघत नाहीत

.३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल काडतुसं चालतात, आणि स्वस्त सरावासाठी सगळेच ती वापरतात. पण .३८ ची पुंगळी सुमारे ३.४ मिमी आखूड असते. १९३५ मध्ये .३५७ आलं तेव्हा ती लांबी मुद्दाम वाढवली होती, म्हणजे जास्त दाबाचं हे काडतूस .३८ च्या सिलिंडरमध्ये बसूच नये. त्यामुळे .३८ पुष्कळ उडवलीत की घराच्या आत, पुंगळी संपते तिथे काजळीचं कडं तयार होतं. नंतर .३५७ घातली की ती त्या कड्यावर चढून घट्ट बसते. उपाय साधा आहे. घरं सॉल्व्हेंटनं ओली करा, दहा मिनिटं थांबा, घराच्या मापाचा पितळी ब्रश फिरवा, मग कोरड्या कापडानं पुसा. घरं कोरडीच ठेवायची. तेल राहिलं तर ते टोपीपर्यंत झिरपून काडतूस फुसकं करू शकतं.

घरं स्वच्छ असून एकाच पेटीच्या पुंगळ्या अडकत असतील आणि त्यांच्या टोप्या सपाट चेपलेल्या दिसत असतील, तर दाब प्रमाणाबाहेर आहे. ती काडतुसं बाजूला काढा, परत वापरू नका.

आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरांत दांडाही आखूड असतो, त्यामुळे पुंगळी पूर्ण बाहेर फेकली जात नाही आणि कधी तिची कड स्टारखाली घुसते. दांडा दाबून स्टार वर धरा आणि ती पुंगळी बोटानं ओढून काढा. स्टार खाली दाबून ती निघेल या आशेनं जोर लावू नका.

चाप पुढे परत येत नाही

आधी स्वतःकडे बघा. घाईत बार काढताना बोट चापाला पूर्ण पुढे जाऊ देत नाही, आणि मग चाप अडल्यासारखा वाटतो. रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर सावकाश करून बघा. रिमफायर, म्हणजे ज्यात पिन काडतुसाच्या बुडाच्या कडेवर मारते असं, रिव्हॉल्व्हर असेल तर घरांत डमी घातल्याशिवाय घोडा रिकामा पाडू नका, पिन घराच्या कडेवर आपटते.

खरोखरच अडत असेल तर आतलं तेल बहुधा घट्ट झालं आहे. गंज सोडवायचे फवारे वंगण म्हणून वापरले की काही महिन्यांनी ते आत वाळून चिकटा होतात. यावर झाकण न उघडता उपाय आहे. मुठीच्या फळ्या काढा, कारण सॉल्व्हेंटनं लाकूड आणि रबर खराब होतं. चाप आणि घोड्याच्या फटींतून बंदुकीसाठीचा क्लीनर भरपूर सोडा, चाप दहा-वीसदा चालवा, सगळं निथळू द्या, आणि शेवटी हलक्या तेलाचे एक-दोन थेंब. त्याहून जास्त तेल पुन्हा मळच गोळा करील.

बाजूच्या झाकणाचे स्क्रूही बघा. सैल असतील तर खाचेच्या मापाला तंतोतंत बसणाऱ्या पेचकसानं कसा, नाहीतर स्क्रूची खाच फाटते. काही मॉडेल्समध्ये पुढचा स्क्रू क्रेनला धरून ठेवतो आणि तो तिथल्यासाठीच घासून बसवलेला असतो, म्हणून स्क्रूंची अदलाबदल करू नका.

टायमिंग: तपासा, पण हात लावू नका

टायमिंग म्हणजे घोडा चढेपर्यंत सिलिंडरनं घर बरोबर नळीसमोर आणणं. रिकामं रिव्हॉल्व्हर हातात घ्या. एक बोट सिलिंडरला हलकंसं टेकवा, म्हणजे त्याला जरा अडथळा होईल. अंगठ्यानं घोडा अगदी सावकाश मागे चढवा. घोडा पूर्ण चढण्याआधी किंवा चढताक्षणी सिलिंडरची खाच पकडणारा स्टॉप 'टिक्' करून बसलाच पाहिजे. घोडा चढला आणि सिलिंडर अजून अर्धवटच फिरलेला आहे, असं एकाही घरात झालं तर टायमिंग गेलं आहे. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी नळीत शिरताना एका कडेला घासते, शिशाचे तुकडे बाजूला उडतात आणि शेजाऱ्याला लागतात. फटीतून गरम वायू तर चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्येही बाहेर पडतो, म्हणून बोटं सिलिंडरच्या पुढे कधीही नकोत.

सिलिंडर बंद करून पुढेमागे हलवा. जेमतेम जाणवेल इतकं चालतं. खट् खट् वाजत असेल तर झीज आहे. शेवटी घोडा पूर्ण चढवा आणि चापाला न शिवता त्याला मागून अंगठ्यानं पुढे ढकला. तो सुटला, तर ते रिव्हॉल्व्हर दुरुस्त होईपर्यंत भरायचंच नाही.

या तिन्हींवर घरच्या घरी घासकाम करायच्या चित्रफिती भरपूर मिळतात. त्या बघून कानस हातात घेऊ नका. सिलिंडर फिरवणाऱ्या पट्टीवरून एकदा काढलेला धातू परत लावता येत नाही, आणि चुकलेलं काम समोरच्याच्या डोळ्यावर येतं.

कारागिराकडे नेताना रिव्हॉल्व्हर रिकामं, सिलिंडर उघडा, आणि बरोबर एक चिठ्ठी: कुठल्या आकड्याच्या घरात, डबलमध्ये की सिंगलमध्ये, कुठली काडतुसं, किती बार उडाल्यावर सुरू झालं, आणि शेवटची साफसफाई कधी. फुसक्या काडतुसांच्या रिकाम्या केलेल्या पुंगळ्या त्यानं मागितल्या तर द्या, पण जिवंत काडतुसं त्याच पिशवीतून नेऊ नका.